मागच्या दाराची मोजणी

आमच्या भागातल्या बागेतला बायकांचा संडास दुपारच्या वेळी मी बंद पाडला. मुद्दाम नाही, आकडेमोड करून. मुद्दाम पाडला असता तर निदान कुणाशी तरी वैर काढल्याचं समाधान मिळालं असतं. मी ते समाजसेवा म्हणून केलं आणि वर गुलाबाचं फूल घेतलं.

मी सुरतेत नवागाम-डिंडोलीच्या बाजूला बावीस वर्षं राहते. सकाळच्या पाळीच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते आणि साडेबारापर्यंत घरी येते. आमच्या सोसायटीसमोर बाग आहे. बागेचं मोठं फाटक आमच्याकडे तोंड करून आहे, आणि पाठ बाजाराच्या गल्लीकडे. तिकडे एक छोटं दार आहे, ते कायम बंद. त्या गल्लीत जाळीला टेकून अकरा जणी भाजी विकायला बसतात. बागेत कारंजं आहे, ते उद्घाटनाच्या दिवशी चाललं होतं. बाकं आहेत, झाडं आहेत आणि मागच्या कोपऱ्यात संडास आहे. त्यातलं पुरुषांचं दार मोठ्या फाटकाच्या बाजूला उघडतं, बायकांचं दार मागच्या गल्लीच्या बाजूला. बांधणाऱ्याने लाजेखातर तसं केलं असावं. त्या लाजेची किंमत पुढे अकरा जणींनी दिली, पण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं, आणि मला तर मुळीच नाही.

सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांची आमची एक समिती आहे. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, मराठी, पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. त्यांना दुपारच्या जोडप्यांचा त्रास होता. दुपारी बागेत कोण कुठल्या बाकावर कसं बसतं, हे ते इतकं बारकाईने सांगत की ऐकणारी मंडळी जरा पुढे सरकून बसत. ते स्वतः एक ते चार झोपतात, मग ही माहिती त्यांना मिळते कुठून, हे कुणी विचारलं नाही.

बाग दुपारी बंद करा, असा अर्ज द्यायचं ठरलं. पण अर्जात संस्कृती, संस्कार वगैरे लिहिलं तर साहेब लोक हसतील, अशी त्यांना शंका होती. आकडे हवे होते. मी म्हटलं, मे महिन्याची सुट्टी आहे, मी मोजते.

मोठ्या फाटकाजवळ बदामाच्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून मी सात दिवस बसले. रोज अकरा ते चार. दर माणसाला एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. सात दिवसांत एकतीस माणसं आत गेली. त्यात जोडपी चार, आणि त्यातलं एक नक्की नवरा-बायकोचं होतं, कारण ते भांडत होतं. मी स्वच्छ तक्ता केला, अर्जावर सही केली, खाली निष्कर्ष लिहिला: दुपारी बागेचा वापर नाममात्र असून संडासाचा वापर केवळ चार पुरुषांनी केला.

जून संपायच्या आत बागेला अकरा ते चार कुलूप लागलं. चौकीदाराने जाता जाता मागच्या जाळीचे दोन तुटलेले गजही वेल्डिंग करून घेतले. तिथून कुत्री आत येतात, असं अध्यक्षांचं म्हणणं होतं. समितीने मला गुलाब दिला. गणिताचा समाजाला असा उपयोग होतो, असं अध्यक्ष बोलले. मी खूश झाले. वर्गात मला एवढं कुणी म्हणत नाही.

मागच्या गल्लीत माझी एक ठरलेली भाजीवाली आहे. शिंदखेड्याकडची, चाळिशीची, नवरा कापडाच्या लूम्सवर बारा तासांच्या पाळीत. आठ वर्षं मी तिच्याकडून भाजी घेते आणि आठ वर्षं माझा तिच्या काट्यावर विश्वास नाही. तिचा माझ्या स्वभावावर नाही. ती माझ्याशी मराठी बोलते, पण तापली की अहिराणीवर येते. माझं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे तिने कितीही तापून बोललं तरी मला सगळं कळतं. यात माझा फायदा कमीच आहे.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एके दिवशी तिच्या जागेवर उलटी टोपली दिसली, वर वीट. या गल्लीत अशी पद्धत आहे: जी येणार नाही तिची टोपली शेजारीण उलटी घालून ठेवते. टोपली आहे तोवर ती जागा तिची. पण हे आठ दिवस चालतं. नवव्या दिवशी टोपली बाजूला सरते आणि दुसरं कुणी तरी बसतं, मग भांडून उपयोग नसतो. सुरतेत नवीन माणसाला पोती मिळतात, भाजी मिळते, हातगाडी भाड्याने मिळते, फक्त बसायला जागा मिळत नाही.

ती सहाव्या दिवशी आली. चेहरा उतरलेला, पण आवाज तोच.

"काय गं, कुठे होतीस?"

"कुठे राहणार? खाटल्यावर. लघवीले आग, अंगात ताप, कंबर धरेल. नवरा म्हने गावले जा. गावले जाऊन काय करू, त्याच्या मायचं तोंड पाहू?"

तिने ब्लाउजमधून डॉक्टरांचा कागद काढून मला दिला. गोळ्यांची नावं होती आणि खाली, दोनदा अधोरेखित करून, रोज तीन लिटर पाणी. पुन्हा असं झालं तर दवाखान्यात भरती व्हावं लागेल, उन्हातलं बसणं कायमचं बंद, असं डॉक्टर तोंडाने म्हणाले होते. ते तिने मला स्वतःच सांगितलं.

"तीन लिटर पाणी प्यायचंय रोज," मी वाचून दाखवलं.

"त्या डॉक्टरले काय लागस सांगाले? त्याना दवाखानामा संडास शे."

"अगं, बागेत आहे ना." पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर वाचावं तशा सुरात मी बोलून गेले.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "व्हता. दोन गज तुटेल व्हते ना, तिथून आम्ही अकराच्या अकरा जनी पाळीपाळीने जायचो. एक गेली की दुसरी तिचा माल पाहायची. आता गज बी लागले नि कुलूप बी लागलं. कोन एक शहाणी बाई वही घेऊन बसली व्हती म्हने मे महिन्यात. दुपारी बायका येतच नही, असं लिहून दिलं रांडेनं."

पुढे जे आलं ते मी शिक्षिका असल्यामुळे पूर्ण लिहीत नाही. सुरुवात त्या बाईच्या नळाला पाणी येऊ नये इथून झाली आणि शेवट तिच्या पोटात काय काय व्हावं आणि तेव्हा सगळ्या दारांना कुलूपं असावीत, इथे झाला. शेजारची लिंबूवाली, साठीच्या पुढची, मान डोलावत होती.

मी पाव किलो गवार घेतली आणि भाव न करता निघाले. आठ वर्षांत पहिल्यांदा.

घरी येऊन वही काढली. तक्ता बरोबर होता. एकूण एक रेघ बरोबर होती. चुकली होती ती खुर्ची. पस्तीस तास मी जिथे बसले होते तिथून बायकांचं दार दिसतच नव्हतं. मागचे गज तुटलेले आहेत हे तर तेव्हा मला माहीतच नव्हतं. माझ्या पाठीमागे, दीडशे पावलांवर, अकरा जणी रोज पाळीपाळीने जात-येत होत्या आणि मी त्यांच्याकडे पाठ करून लिहीत होते की कुणीच येत नाही.

नवऱ्याला दाखवलं. तो सरकारी नोकरीत आहे, त्याला कागदातली चूक पाहून आनंद होतो. म्हणाला, "म्हणजे बेरीज बरोबर, उदाहरणच दुसरं सोडवलंस."

"अशा मुलांना मी शून्य देते."

"मग दे की."

तीन दिवस मी भाजी दुसरीकडून घेतली, एका हातगाडीवाल्याकडून. तो खरोखरच काटा मारत होता. चौथ्या दिवशी शाळेतून येताना तिच्यासमोर उभी राहिले.

"ती वही माझी होती."

तिने मेथीला सुतळी गुंडाळायचं थांबवलं नाही. "माले माहीत शे ना."

"मग त्या दिवशी मला इतकं..."

"मग शिव्या कोनले देऊ? तुमच्या मागे दिल्या असत्या तर तुम्हाले ऐकू कशा आल्या असत्या?"

लिंबूवाली एवढी हसली की तिला खोकला लागला. मी म्हटलं, पाणी पी. ती म्हणाली, "तुम्हीच घ्या."

आता इथे पुरुषांबद्दल एक वाक्य लिहिणं भाग आहे. त्याच गल्लीत केळीवाला, चपलांचा ठेलेवाला, किल्ल्या बनवणारा असे चौघे-पाच जण बसतात. त्यांचा प्रश्न नव्हता, त्यांना भिंत होती. भिंतीच्या मालकाने त्रासून गुडघ्याच्या उंचीवर देवांच्या फरशा बसवल्या. सगळ्या धर्मांचे देव, एका रांगेत, खांद्याला खांदा लावून. एवढी एकी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पुरुष नमस्कार करून दहा पावलं पुढे सरकले, जिथे ट्रान्सफॉर्मर आहे. विजेचा देव अजून कुणी लावलेला नाही.

मी तिला म्हटलं, माझ्याकडे ये. पहिला मजला, गल्ली संपली की डावीकडे, दुपारी मी घरीच असते.

"तुमच्या घरी? संडासले?" तिने हे एवढ्या मोठ्याने विचारलं की केळीवाल्यानेही वळून पाहिलं.

"हो. त्यात काय?"

"त्यात काय नही. मी फक्त इचारते."

दुसऱ्या दिवशी एक वाजता बेल वाजली. चपला तिने खाली जिन्यापाशीच काढल्या होत्या आणि हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"ही कशाला?"

"रिकाम्या हाताने कशी येऊ कोनाच्या घरी?"

मी पुष्कळ समजावलं की या कामासाठी कुणी भेट आणत नाही. तिला ते पटलं नाही. तिसऱ्या दिवशी लिंबूवालीही आली, तिच्या हातात सहा लिंबं. आठवडा संपेपर्यंत चौघी झाल्या. कोथिंबीर, पुदिना, लिंबं, एकदा अर्धा भोपळा. सहा दिवसांत चार वेळा कोथिंबीर वडी झाली. नवरा जेवताना म्हणाला, "चांगलं चाललंय. सोसायटीत कर भरावा लागेल का याच्यावर?" मी म्हटलं, गप खा, आणि काय कशाच्या बदल्यात आलंय याचा घास घेताना विचार करू नकोस. त्याने घास खाली ठेवला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला गोड आवाजात विचारलं की गावाकडून बरीच मंडळी आलीत का. मी म्हटलं, हो, आणि पोटाच्या तक्रारीने आलीत.

मला हे सगळं छान वाटत होतं, हे लपवत नाही. चूक केली, लगेच दुरुस्त केली, शिवाय पुदिना. पण तेराव्या दिवशी शाळेत तपासणी निघाली आणि मला यायला तीन वाजले. मी फोन केला नव्हता. करणार कसा, तिचा नंबर कधी घेतलाच नव्हता. नवरा ऑफिसात. दाराला कुलूप.

गल्लीत गेले तर ती बसली होती, पण पाय जवळ घेऊन. शेजारी पाण्याची लिटरची बाटली, रिकामी. त्या दिवशी सकाळपासून तिने ती माझ्या भरवशावर संपवली होती. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, आणि मी आहे म्हणून.

"मग... कुठे गेलीस?"

"नका इचारू."

लिंबूवाली दुसरीकडे बघत होती. गल्लीच्या टोकाला बांधकामाचा पत्रा लावलेला आहे, त्याच्या मागे कामगार जेवतात. एवढं मला माहीत आहे. बाकी मी ताडलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी तिच्यासमोर उभी होते. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, झाकण बंद. मी म्हटलं, चल, आज मी घरी आहे.

"नही मॅडम. तुमचं घर चांगलं शे. वडी बी चांगली करता, तुमचे सायेब सांगत व्हते." ती हसली, पण उठली नाही. "पन तुमच्या घराले मानूस लागस. तुम्ही आजारी पडशीन, गावले जाशीन, मूड नसेल. बागले कोन लागस? कुलूप काढलं की झालं."

हे ऐकून मी घरी आले आणि दुसरा अर्ज लिहायला बसले. तिने तसं सांगितलं नव्हतं. पण कुलूप काढायचं तर ज्याने लावलं त्यानेच गेलं पाहिजे, एवढं मला कळत होतं.

झोन ऑफिसातल्या कारकुनाने फाईल उघडली, माझा जुना अर्ज काढला, नवा शेजारी ठेवला, दोन्हीकडच्या सह्या बोटाने पाहिल्या.

"बेन, आ तो तमारी ज अरजी छे."

"हो."

"आमां तो लख्युं छे, बपोरे कोई आवतुं नथी."

"दुपारी कुणी येत नाही, ते चुकीचं आहे."

"कोणे लख्युं?"

"मीच."

त्याने दोन्ही अर्ज एकत्र टाचले. मग समजुतीने म्हणाला, उघडायचं असेल तर आकडे द्या, किती बायका वापरतात. मी म्हटलं, बंद आहे तर वापरतील कशा? तो म्हणाला, वापरत नसतील तर उघडायचं कशाला? यात त्याची काही चूक नव्हती. माझ्याच तक्त्याची भाषा तो मला परत देत होता.

मग मी जे होत नव्हतं ते मोजायचं ठरवलं. घरून दोनशे मिलीचा मोजायचा पेला घेतला, स्टूल घेतलं आणि या वेळी मागच्या गल्लीत, त्या बंद छोट्या दाराजवळ जाऊन बसले. अकरा जणींनी दिवसभरात किती पाणी प्यायलं, ते लिहायचं. शाळेमुळे सकाळचं मला दिसत नव्हतं, म्हणून प्रत्येकीला बाटली मोजून भरायला लावली आणि संध्याकाळी उरलेलं मोजलं. आधी त्या नुसतं "दोन घोट", "तीन घोट" सांगायच्या. मी म्हटलं, घोट हे माप नाही.

"घ्या, मॅडम आता आमचे घोट मोजतीन," भाजीवालीने जाहीर केलं. "पहिले बाग मोजली, मंग संडास, आता घसा. पुढे कुठे जाशीन?"

एक घाईतला माणूस धावत आला, माझ्यासमोर पाचाचं नाणं टेकवून म्हणाला, "किधर से?" मी म्हटलं, बंद आहे. तो नाणं उचलत चिडून म्हणाला, "बंद है तो बैठी क्यूं हो?" प्रश्न बरोबर होता. गल्ली दहा मिनिटं हसत होती.

त्या आठवड्यात मला जे कळलं ते बावीस वर्षांत कळलं नव्हतं. सकाळी आणि चारनंतर बाग उघडी असते, पण ती गिऱ्हाइकीची वेळ, मोठ्या फाटकापर्यंत वळसा घालून जाता येत नाही. निघायच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी बेताने. सकाळी भाकरी आणि सुकी चटणी, पातळ काही नाही. ताक नाही. तोंड कोरडं पडू नये म्हणून सुपारी. कलिंगड विकणारी उन्हाळाभर कलिंगडाची फोड तोंडात घालत नाही. लिंबूवाली, जी दिवसभर दुसऱ्यांच्या सरबताची सोय करते, सकाळी सहा ते संध्याकाळी सात अर्धा पेला पाणी पिते. अकरा जणींचं मिळून दिवसाचं पाणी भरलं साडेपाच लिटर. डॉक्टरांनी त्यातल्या एकीलाच तीन सांगितलं होतं.

रविवारी सकाळी समितीपुढे हे ठेवलं. बागेतच, हास्यक्लबचं हसून झाल्यावर. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं.

"ताई, तुमच्या भावना समजतात. पण ही मंडळी घाण करून ठेवतात. साफ कोण करणार?"

"जो करतो त्यालाच विचारू." मी चौकीदाराला हाक मारली. तो ताडासारखा उंच, सौराष्ट्राकडचा, कमी बोलणारा माणूस. "दुपारी उघडा होता तेव्हा संडास धुवायला किती पाणी लागायचं?"

"बपोरे? एक डोल." म्हणजे एक बादली.

"आणि सकाळी, आमचं फिरणं झाल्यावर?"

त्याने अध्यक्षांच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "चार डोल."

कुणी तरी खाकरलं. अध्यक्ष म्हणाले, सकाळी संख्या जास्त असते, साहजिक आहे.

"संख्याही जास्त आणि फेऱ्याही," मी म्हटलं. "तुम्ही सहा चकरांत दोनदा जाता."

"हे तुम्ही मोजता?"

"मी सगळंच मोजते. जूनमध्ये तुम्हाला ते आवडलं होतं."

हास्यक्लबची मंडळी हसली. रोज हात वर करून हसतात तसं नाही. एका आजोबांना तर बाक धरावं लागलं. अध्यक्षांचे कान लाल झाले. ते माझ्याजवळ आले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "प्रोस्टेट आहे हो माझं."

मला वाईट वाटलं. एवढं वर्मी लागेल असं वाटलं नव्हतं. तरी तोंडातून गेलंच, "मग दाबून धरणं काय असतं, ते तुम्हालाच जास्त माहीत असेल."

त्यांनी खिशातून पेन काढलं, अर्ज बाकावर ठेवला आणि पहिली सही केली. अध्यक्षांची सही असल्यावर बाकीच्यांना आपापली मतं राहिली नाहीत. अर्जात मला एक ओळ स्वतःच्या हाताने घालावी लागली: यापूर्वी सादर केलेली मोजणी अपुऱ्या निरीक्षणावर आधारित होती. कारकुनाला "चुकीची" हा शब्द हवा होता. मी खोडून "चुकीची" लिहिलं.

मधले दोन महिने ती पाणी बेतानेच पीत होती. एकदा पुन्हा दोन दिवस टोपली उलटी दिसली आणि माझी भूक गेली, पण ती लेकीच्या नणंदेच्या लग्नाला गेली होती. परत आल्यावर मला म्हणाली, "तुम्ही तर मले गाडूनच बसल्या व्हत्या."

मग आदेश आला. बाग दुपारी बंदच राहील. मागचं छोटं दार अकरा ते चार उघडं राहील, फक्त शौचालयासाठी. बाकांवर, हिरवळीवर बसण्यास मनाई. म्हणजे उन्हाळ्यात चाळीस अंशांत झाडाखालून चालत जायचं, मोकळं व्हायचं, आणि त्याच झाडाखालून उन्हात परत यायचं. चौकीदाराने पाटी लावली. मी ती भाजीवालीला वाचून दाखवली.

"सावलीत बसाले बंदी?"

"हो."

"ठीक शे. सगळं एकदम भेटलं तर आम्हाले सवय नही."

मी म्हटलं, सावलीसाठी पुन्हा अर्ज करते. ती म्हणाली, "आधी हे पाहू द्या, चालस का."

पहिल्या दिवशी साडेबाराला मी शाळेतून थेट गल्लीत आले. छोटं दार उघडं होतं, चौकीदार आत स्टुलावर. भाजीवालीने मला पाहिलं, बाटली उचलली आणि माझ्यादेखत प्यायली. घटाघटा, मान मागे टाकून, अर्धी बाटली. पदराने तोंड पुसलं आणि पोत्यावर हात मारला.

"बसा."

"मी?"

"मंग माल कोन पाहीन? या लिंबूवालीले दिसत नही."

मी पर्स मांडीवर घेऊन बसले. ती दाराआड गेली. एक बाई आली, मेथीचा भाव विचारला. मला तो ठाऊक नव्हता, म्हणून काल मी दिला होता तो सांगितला. बाई म्हणाली, परवडत नाही, कमी करा. मी म्हटलं, एवढाच आहे. ती म्हणाली, जुडी बघा केवढीशी, मागच्या गाडीवर मोठी आहे. दर वाक्याबरोबर ती माझी मेथी उलथीपालथी करत होती, देठं वाकवून पाहत होती. असल्या गिऱ्हाइकांना लोक सहन कसं करतात कोण जाणे. शेवटी मी वैतागून चार जुड्या तिने सांगितल्या त्या भावाला दिल्या.

पाच मिनिटं झाली, सात झाली. लघवीला एवढा वेळ लागत नाही. पुन्हा आग सुरू झाली असेल का? उठावं तर माल उघडा. लिंबूवाली निवांत सुपारी कातरत होती.

ती आली तेव्हा तोंड धुतलेलं, कपाळावरचे केस ओले, लुगड्याच्या निऱ्या नव्याने घातलेल्या.

"काय झालं गं? त्रास होतोय का परत?"

"नही व. सावकाश बसनू." ती पोत्यावर टेकली आणि पाय लांब केले. "पहिले गजातून जायचो तवा एक पाय आत नि एक बाहेर. आज आत बसनू तर कोनी हाक देस नही, कोनी भाव करस नही. डोळा लागाले लागना व्हता."

मग तिचं मेथीकडे लक्ष गेलं.

"चार जुड्या कितीले दिधल्या?"

मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "ऐका व! ह्या पोरांस्ले गणित शिकाडतस!"

त्या आरडाओरड्यात लिंबूवाली गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठली. तिने बाटलीचं झाकण काढलं, पाणी प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. मग रिकामी बाटली माझ्या हातात दिली.

"आता मनी लिंबं पहा," ती म्हणाली. "नि भाव मले इचारी घ्या."

तिने भाव सांगितला, मी तो दोनदा म्हणून दाखवला, आणि ती छोट्या दाराकडे निघाल्यावर मी पोत्यावरून लिंबांच्या ढिगाकडे सरकले.